आपले पैसे आपल्या हाताने

कुटुंबात कर्तेपण कोणाकडे आहे हे ओळखण्याची आपल्याकडे एक जुनी खूण होती. तिजोरीची किल्ली ज्याच्या जानव्याला अथवा जिच्या कमरेला अडकविलेली असे, त्याचा किंवा तिचा शब्द घरात चाले. वय झाले, दृष्टी मंदावली, हात कापू लागले, तरी ती किल्ली सहसा कोणी मागून घेत नसे. कारण किल्ली काढून घेणे म्हणजे त्या माणसाचे घरातील स्थानच काढून घेणे, हे सर्वांस ठाऊक होते. सांप्रत तिजोरी गेली आणि किल्लीही गेली. वीजबिल, विम्याचा हप्ता, नगरपालिकेची घरपट्टी, नातवाच्या शाळेची फी, देवस्थानाची देणगी, हे सर्व आता हातातील फोनच्या पडद्यावर भरावयाचे असते. आजची किल्ली म्हणजे त्या पडद्यावर दिसणारा एक फॉर्म आणि मागाहून येणारा सहा आकड्यांचा ओटीपी. ही किल्ली मात्र आपण कोणास न विचारता, कोणाच्या ध्यानीमनी नसता, घरातील कित्येक माणसांकडून काढून घेतली आहे. ती कशी, आणि परत कशी देता येईल, याचा विचार या महिन्यात वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

हा विषय आम्हांस सुचला तो ग्रंथ वाचून नव्हे, तर घरात घडलेल्या एका प्रसंगावरून. आमच्या थोरल्या आत्याबाई गणिताच्या शिक्षिका. उभ्या जन्मात त्यांचा हिशेब एका पैशाने चुकल्याचे कोणी ऐकले नाही. सेवानिवृत्तीनंतर काचबिंदूने त्यांची दृष्टी हळूहळू गेली, व गेली काही वर्षे त्यांस उजेड आणि अंधार यांपलीकडे काही कळत नाही. परंतु हिंमत गेली नाही. फोनवरील मजकूर मोठ्याने वाचून दाखविणारी जी सोय असते ती त्यांनी चार महिने खपून आत्मसात केली, आणि एके दिवशी जाहीर केले की, घराचे वीजबिल यापुढे आपल्या पेन्शनीतून व आपल्या हाताने आपणच भरणार.

त्या दिवशी जे घडले त्याला आम्ही साक्षी होतो. फॉर्म उघडला. पहिल्या रकान्यावर बोट ठेवताच फोन म्हणाला, ‘लिहिण्याचा रकाना.’ दुसऱ्यावर ठेवले, ‘लिहिण्याचा रकाना.’ तिसऱ्यावरही तेच. ग्राहक क्रमांक कोठे लिहावयाचा आणि रक्कम कोठे, याचा पत्ता लागेना. अंदाजाने ते साधले, तो वेड्यावाकड्या अक्षरांचे एक चित्र पुढे आले. ती अक्षरे ओळखून लिहिल्याशिवाय पुढे वाट नाही. आमच्या धाकट्या पुतण्याने ती वाचून दिली. कार्डाचा क्रमांक झाला, ओटीपी आला, तो संदेशांत जाऊन ऐकून परत येईतो मुदत संपली, आणि सर्व पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्या खेपेस आत्याबाईंनी ‘पैसे भरा’ हे बटन दाबले. पडद्यावर हिरव्या रंगाची खूण उमटली, पण फोन मुका राहिला. काही झाले नाही असे समजून त्यांनी सर्व कृती पुन्हा केली. बिल दोनदा भरले गेले.

नुकसान असे झाले नाही. जादा रक्कम पुढील बिलात वळती होणारच होती. परंतु घरात जी कुजबुज झाली ती मात्र आम्हांस आज आठवली तरी लाज वाटते. ‘आत्याबाई, यापुढे आम्हीच भरू, तुम्ही कशाला त्रास घेता?’ असे आम्हीच म्हणालो, आणि तेही मोठ्या प्रेमाने. त्यांनी निमूटपणे कार्ड आमच्या हाती दिले, पिनही सांगितला. दोन दिवस त्या फारसे बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी दुपारच्या चहाच्या वेळी म्हणाल्या, “अरे, पैसे दोनदा गेले त्याचे मला काही नाही. पण आता माझ्या खात्यात किती आहेत, हे मी दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचे, हे मात्र जड जाते.”

या वाक्यावर आम्ही पुष्कळ विचार केला. चूक आत्याबाईंची नव्हती, हे तर उघडच आहे. ज्याने तो फॉर्म तयार केला त्याने पाहणाऱ्या डोळ्यांपुरताच तो तयार केला होता. जिना बांधणाऱ्याने कठडा घातला नाही आणि म्हातारा माणूस पडला, तर आपण म्हाताऱ्यास दोष देत नाही. मग येथे आम्ही तो का दिला?

आता ही वाचून दाखविण्याची यंत्रणा काम कशी करते हे थोडक्यात सांगणे अवश्य आहे. कारण ते कळल्याशिवाय पुढील विवेचन ध्यानी येणार नाही. हिला स्क्रीन रीडर म्हणतात. अँड्रॉइडच्या फोनमध्ये ‘टॉकबॅक’ व आयफोनमध्ये ‘व्हॉइसओव्हर’ या नावाने ती मुळातच बसविलेली असते. संगणकासाठी ‘एनव्हीडीए’ नावाची जी यंत्रणा आहे, ती २००६ साली ऑस्ट्रेलियातील दोन अंध तरुणांनी सुरू केली, आणि ती कोणासही फुकट मिळते. ही यंत्रणा पडद्याकडे ‘पाहत’ नाही. पडद्यामागे जो मजकूर लिहिलेला असतो तो ती वाचते. देवळातील पुराणिकबोवांची उपमा येथे चपखल बसेल. बोवा कितीही विद्वान असोत, पोथीचे पान कोरे असेल तर ते काय वाचतील? फॉर्म तयार करणाऱ्याने रकान्याशेजारी ‘रक्कम’ हा शब्द नुसता रंगविला, परंतु हा शब्द या रकान्याचा आहे अशी गाठ आतून बांधली नाही, तर डोळस माणसास दोन्ही शेजारी दिसतात. यंत्राच्या पोथीत मात्र ते पान कोरेच राहते. ही गाठ बांधण्यास जाणत्या कारागिरास अर्धा मिनिटही लागत नाही. अर्ध्या मिनिटाच्या आळसापायी आत्याबाईंचा एक तास गेला, आणि त्याहून मोलाचे असे काही गेले.

यासंबंधीचे नियम कोणी मनास येईल तसे केलेले नाहीत. जगभरच्या संकेतस्थळांचे तांत्रिक दंडक ठरविणारी जी डब्ल्यूथ्रीसी नावाची संस्था आहे, तिने सुलभतेची पहिली नियमावली १९९९ साली प्रसिद्ध केली. तिची दुसरी मोठी आवृत्ती २००८ साली निघाली. त्यात २०१८ व २०२३ साली भर पडली. या सर्व नियमावलीचा पाया चार शब्दांत सांगता येतो. मजकूर जाणवला पाहिजे, तो हाताळता आला पाहिजे, तो समजला पाहिजे, आणि निरनिराळ्या यंत्रांवर तो टिकला पाहिजे. पैसे भरण्याच्या फॉर्मास हे चार दंडक लावले म्हणजे त्यातील दोष आपोआप उघडे पडतात. त्यांतील मुख्य तेवढे आम्ही येथे मांडतो.

पहिली गोष्ट रकान्याच्या नावाची. ती वर आलीच आहे. हिला जोडून एक पोटभेद आहे. पुष्कळ ठिकाणी रकान्याचे नाव रकान्याच्याच पोटात फिक्या अक्षरांनी लिहितात, व पहिला आकडा उमटताच ते नाहीसे होते. मंददृष्टीच्या माणसास ते आधी दिसत नाही, आणि विसराळू माणसास मागाहून आठवत नाही. नाव बाहेर, ठळक आणि कायमचे असावे, हे उत्तम.

दुसरी गोष्ट चुकीच्या सूचनेची. कार्डाचा एखादा आकडा चुकला तर कित्येक फॉर्म त्या रकान्याभोवती नुसती तांबडी रेघ ओढतात. अंधास ती दिसत नाही. ज्यास तांबडा व हिरवा हा भेद कळत नाही त्यास ती दिसूनही उमजत नाही. आणि डोळस माणसाससुद्धा ‘काय चुकले’ हे तिच्यावरून कळत नाहीच. नियम असा की, चूक कोठे झाली आणि कोणती, हे शब्दांत सांगावे, आणि दुरुस्ती ठाऊक असेल तर तीही सुचवावी. ‘कार्डाच्या मुदतीचा महिना लिहावयाचा राहिला आहे’ हे वाक्य लिहिण्यास असा काय खर्च येतो?

तिसरी गोष्ट वेळेची. पैशाचे काम आहे, मुदत असणारच, हे आम्हांस मान्य आहे. परंतु कंपवाताने ज्याचे बोट नेमक्या ठिकाणी पडत नाही, ज्यास एकेक अक्षर ऐकून पुढे जावे लागते, अथवा ज्यास वाचून अर्थ लावण्यास अंमळ उशीर लागतो, त्याचे मिनिट आणि आपले मिनिट यांची लांबी सारखी नसते. नियमावली सांगते की, सामान्यतः वेळ संपण्यापूर्वी सूचना द्यावी, आणि एखादी साधी कळ दाबून ती वाढवून घेण्यास निदान २० सेकंदांचा अवकाश द्यावा. आणि मुदत संपलीच, तर भरलेली माहिती पुसून टाकून माणसास पुन्हा पहिल्या पायरीवर ढकलू नये.

चौथी गोष्ट पावतीची. आत्याबाईंचा घात जिने केला ती हीच. पैसे पोचले की नाही, हे नुसत्या हिरव्या खुणेने सांगून भागत नाही. पडद्यावर असा काही फेरफार झाला म्हणजे तो स्क्रीन रीडरलाही कळला पाहिजे, हा नियम २०१८ च्या आवृत्तीत स्पष्टपणे आलेला आहे. शिवाय ज्या फॉर्मात पैशाचा व्यवहार आहे, त्यासाठी एक खास दंडक आहे तो असा : केलेली कृती मागे घेता यावी, किंवा यंत्राने चुका तपासून दुरुस्तीची संधी द्यावी, किंवा शेवटी सर्व माहिती एकत्र दाखवून ‘हे बरोबर आहे ना?’ असे विचारावे. या तिहींपैकी एक तरी असलेच पाहिजे. दुकानदार पैसे गल्ल्यात टाकण्यापूर्वी ‘पाचशेची नोट दिलीत हो’ असे मोठ्याने म्हणतो ना, तसेच हे आहे.

पाचवी गोष्ट वेड्यावाकड्या अक्षरांच्या चित्राची. समोरचा प्राणी मनुष्य आहे की यंत्र, हे ओळखण्यासाठी ही परीक्षा योजिलेली असते. या परीक्षेत अंध मनुष्य यंत्र ठरतो, हा तिचा न्याय! काही ठिकाणी चित्राऐवजी ध्वनी ऐकण्याची सोय असते, पण तो ध्वनी इतक्या गोंगाटात बुडविलेला असतो की चांगल्या कानाच्या माणसाने हात टेकावेत. आणि अंध असून बहिराही असलेल्याने काय करावे? याचाच सख्खा भाऊ म्हणजे काही ठिकाणी पिन लिहिण्यासाठी पडद्यावर येणारा आकड्यांचा तक्ता, ज्यातील आकडे दर खेपेस जागा बदलतात. त्या आकड्यांस आतून नाव दिलेले नसेल, तर अंधास ते दहा मुके चौकोन होत. २०२३ च्या नियमावलीने सांगितले आहे की, ओळख पटविण्यासाठी कोडे सोडविणे किंवा पाठांतर करणे हाच एकमेव मार्ग ठेवू नये. परवलीचा शब्द अथवा ओटीपी दुसरीकडून उचलून येथे चिकटविण्यास मोकळीक असावी.

सहावी गोष्ट अक्षरांची व बटनांची. साध्या अक्षरांचा व त्यांच्या पार्श्वभूमीचा उजेडातील फरक निदान साडेचारास एक या प्रमाणात असावा, आणि अक्षरे दुप्पट मोठी केली तरी मजकूर तुटू नये. बटन निदान २४ पिक्सेल लांब व तितकेच रुंद असावे, किंवा दोन बटनांत तेवढे अंतर तरी असावे, म्हणजे संधिवाताने वाकडे झालेले बोट ‘पैसे भरा’ऐवजी ‘रद्द करा’वर पडणार नाही. ज्यास हात मुळीच चालविता येत नाहीत, तो मनुष्य तोंडात धरलेल्या काडीने अथवा एका कळीने संगणक चालवितो. त्याच्यासाठी सर्व फॉर्म माउसशिवाय, नुसत्या कळांनी भरता आला पाहिजे. आणि जो बहिरा आहे त्यास ‘अडचण आल्यास फोन करा’ एवढेच सांगणे म्हणजे थट्टा होय. त्याच्यासाठी लेखी संदेशाची वाट असली पाहिजे.

येथे दोन आक्षेप येतील, ते आम्हांस ठाऊक आहेत. पहिला असा की, एवढ्या सवलती दिल्या तर चोरांचे फावेल. वरवर पाहता हा आक्षेप सबळ दिसतो. परंतु तो तपासून पाहू. ‘आपला ओटीपी व पिन कोणासही सांगू नका’ हा उपदेश बँका आपणांस उठताबसता करीत असतात. मग जो फॉर्म अंध मनुष्यास स्वतः भरताच येत नाही, तो त्यास काय करावयास लावतो? ओटीपी पुतण्यास सांगावयास, कार्ड शेजाऱ्याच्या हाती द्यावयास, पिन दुकानदाराच्या कानात सांगावयास! म्हणजे ज्या फॉर्मात सुलभता नाही, तो सुरक्षितता वाढवीत नाही, तर सुरक्षिततेचा पहिला नियम मोडण्यास माणसास भाग पाडतो. आमच्या घरातील माणसे सज्जन आहेत म्हणून आत्याबाईंचा पिन सुखरूप राहिला. प्रत्येक घराविषयी अशी ग्वाही कोण देईल? भावाभावांत वाटण्यांवरून तेढ असते, विधवा काकूच्या ठेवीवर कोणाचा तरी डोळा असतो, हे आपल्या एकत्र कुटुंबांतून अगदीच न घडणारे आहे असे छातीवर हात ठेवून कोणी म्हणू शकेल काय?

दुसरा आक्षेप असा की, अशी माणसे असून असून किती? २०११ च्या शिरगणतीत आपल्या देशात अपंग व्यक्तींची संख्या सुमारे २ कोटी ६८ लाख नोंदली गेली होती. एखाद्या मध्यम राष्ट्राएवढी ही वस्ती आहे. आणि या आकड्यात ती सर्व माणसे आली असे समजू नये. ज्या आजोबांना मोतीबिंदू आहे, ज्या आजींची बोटे थरथरतात, ते आपणांस अपंग म्हणवून घेत नाहीत; पण फॉर्मापुढे त्यांची गत तीच होते. हात मोडून गळ्यात अडकलेला तरुण, उन्हात पडदा न दिसणारा फिरस्ता, कडेवर मूल घेऊन एका हाताने पैसे भरणारी आई, यांनाही तोच मोठा चौकोन आणि तेच स्पष्ट वाक्य उपयोगी पडते. किंबहुना म्हातारपण ज्यास टळणार नाही असा प्रत्येक वाचक या वर्गाचा भावी सभासदच आहे. खर्चाविषयी म्हणाल तर, मीठ भाजी शिजतानाच घातले म्हणजे ते सर्वत्र मुरते. पान वाढल्यावर वरून घातले तर कोठे खारट, कोठे अळणी. सुलभतेचेही तसेच आहे. ती आरंभीच योजिली तर खर्च थोडा, मागाहून ठिगळ लाविले तर पुष्कळ.

ही केवळ दयेची बाब आहे असे कोणी समजत असेल, तर कायदा काय म्हणतो तेही पाहावे. संयुक्त राष्ट्रांनी अपंगांच्या हक्कांचा करार २००६ साली केला व भारताने त्यास २००७ साली मान्यता दिली. त्याला अनुसरून २०१६ साली आपल्याकडे नवा कायदा झाला. तो १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आहे. या कायद्याचे १३ वे कलम प्रत्येक कुटुंबप्रमुखाने वाचण्यासारखे आहे. मालमत्ता बाळगण्याचा, तिचा वारसा घेण्याचा आणि आपले आर्थिक व्यवहार आपल्या ताब्यात ठेवण्याचा हक्क अपंग व्यक्तीस इतरांच्या बरोबरीने आहे, असे ते सांगते. आत्याबाई चहा पिताना जे म्हणाल्या, ते या कलमाचेच सार होते. ४२ व्या कलमात इलेक्ट्रॉनिक माध्यमांतील मजकूर व साधने सुलभ असण्याची तरतूद आहे, आणि या बाबतीतील भारतीय मानकही नियमांत २०२३ साली घातले गेले.

तथापि कागदावरील कायदा आणि व्यवहार यांत अंतर राहिलेच. सुलभतेचे नियम हे केवळ शिफारशीवजा असून भागणार नाही, ते बंधनकारक असले पाहिजेत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला. पुढे ३० एप्रिल २०२५ रोजी त्याच न्यायालयाचा आणखी एक निकाल झाला. त्याची हकीकत अशी की, बँकेत खाते उघडताना ग्राहक जिवंत मनुष्य आहे हे ठरविण्यासाठी फोनच्या कॅमेऱ्यापुढे डोळ्यांची उघडझाप करावयास सांगतात. ॲसिडच्या हल्ल्यात ज्यांचे डोळेच जळून गेले त्यांनी ही उघडझाप कशी करावी? अशा पीडित व्यक्ती व एक अंध गृहस्थ यांनी न्यायालयाचे दार ठोठावले. डिजिटल सेवांपर्यंत पोचता येणे हा घटनेच्या २१ व्या कलमातील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे न्यायालयाने सांगितले व शासनास आणि रिझर्व्ह बँकेसारख्या नियामकांस २० आज्ञा केल्या. परदेशांतही वारे याच दिशेने वाहत आहेत. अमेरिकेत एका मोठ्या दुकानमंडळीवर, म्हणजे टार्गेटवर, अंधांच्या राष्ट्रीय संस्थेने संकेतस्थळासंबंधी दावा लाविला, तो २००८ साली ६० लाख डॉलरांच्या तडजोडीने मिटला. युरोपात २८ जून २०२५ पासून बँकांच्या व ऑनलाइन विक्रीच्या सेवा सुलभ असणे हे कायद्याने आवश्यक झाले आहे.

चांगले असे काहीच नाही, असाही समज होऊ नये. यूपीआयची पद्धत २०१६ साली आली. साध्या, बिनइंटरनेटच्या फोनवरूनही पैसे पाठविता यावेत म्हणून २०२२ साली तिची एक निराळी शाखा निघाली. नोट ओळखून तिचे मूल्य बोलून सांगणारे ‘मनी’ नावाचे ॲप रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२० रोजी दिले. वाण्याच्या दुकानातील तो छोटासा डबा, ‘इतके रुपये मिळाले’ असे मोठ्याने सांगणारा, तो तर दुकानदाराच्या सोयीसाठी आला. पण अंध ग्राहकास आपले पैसे पोचल्याची खात्री त्यानेच प्रथम दिली. चांगली सोय एकासाठी केली तरी दहांच्या उपयोगी पडते, ती अशी.

आता आपण घरच्या माणसांनी काय करावे? मोठमोठ्या संस्था सुधारतील तेव्हा सुधारतील. आपल्या हाती जे आहे ते सांगतो.

प्रथम, घरात ज्याची दृष्टी अथवा हात अधू आहेत, त्यास फोनमधील सोयी शिकण्यास वेळ द्या, धीर द्या, आणि एक इअरफोन आणून द्या, म्हणजे खात्यातील शिल्लक साऱ्या ओसरीस ऐकू जाणार नाही. दुसरे, मदत करण्यापूर्वी विचारा. फोन त्यांच्या हातून काढून घेऊ नका. शेजारी बसा, आणि जेथे ते अडतील तेवढेच वाचून दाखवा. ‘मी करून टाकतो’ आणि ‘मी येथे बसलो आहे’ या दोन वाक्यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. तिसरे, फॉर्म अडला तर मुकाट्याने बसू नका. कोणते पान, कोणता रकाना, फोन काय बोलला, असे नेमके लिहून त्या संस्थेकडे लेखी तक्रार करा. बँकेने तीस दिवसांत समाधान केले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. अपंगांच्या हक्कांसाठी प्रत्येक राज्यास आयुक्त असतात, व महाराष्ट्राच्या आयुक्तांचे कार्यालय पुण्यास आहे.

चौथी सूचना मात्र आमच्या तरुण वाचकांसाठी आहे, आणि आमच्या मते तीच सर्वांत महत्त्वाची. आपल्या समाजात असे घर विरळा, की ज्यातील एखादा मुलगा अथवा सून हिंजवडीस, बंगळूरास किंवा कॅलिफोर्नियात संगणकाच्या कामावर नाही. हे फॉर्म आभाळातून पडत नाहीत. ते आपलीच मुले तयार करतात. त्यांस आमचे सांगणे एवढेच : काम पुरे झाले असे म्हणण्यापूर्वी माउस दूर ठेवा आणि केवळ टॅबच्या कळीने आपला फॉर्म शेवटपर्यंत भरून पाहा. मग पडदा झाका, स्क्रीन रीडर लावा आणि नुसत्या कानांनी एक रुपया भरून पाहा. आणि त्यानंतर एखाद्या अंध व्यक्तीस, तिच्या वेळेचा मोबदला देऊन, तोच फॉर्म भरावयास सांगा. आपली आजी हा फॉर्म भरू शकेल काय, हा प्रश्न ज्याने स्वतःस एकदा प्रामाणिकपणे विचारला, त्याच्या हातून रकाना बिननावाचा राहणार नाही.

असो. आत्याबाईंची हकीकत अर्धी राहिली ती पुरी करतो. आम्ही त्यांचे कार्ड त्यांस परत दिले, चुकलो असे म्हणालो, आणि पिन त्यांच्याकडूनच बदलवून घेतला. नवा कोणता, ते आम्ही विचारले नाही. पहिले बिल जादा रकमेत वळते झाले. त्याच्या पुढच्या महिन्यात त्यांनी निराळ्या ॲपवरून भरणा केला. त्यातील रकान्यांस नावे होती, आणि शेवटी पैसे पोचल्याचे फोनने शब्दांत सांगितले. आम्ही शेजारी बसून होतो, पण आमची गरज पडली नाही. रात्री पाने वाढून झाल्यावर त्यांनी त्या महिन्याच्या बिलाचा आकडा आम्हा सर्वांस रुपये-पैशांसह ऐकविला, आणि मागील महिन्यापेक्षा तो का वाढला, म्हणून माळ्यावरच्या खोलीतला पंखा रात्रभर कोण चालू ठेवतो याची चौकशी आरंभिली. धाकटी मंडळी खाली माना घालून जेवू लागली. किल्ली पुन्हा जेथे असावयास हवी तेथे गेली होती.